‘मी घरीच थांबते’ म्हणू नका! – सेंट लुईसचे दोन दिवस



सांगलीकडच्या एका वाचक भगिनींचं पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आलं. लेक-जावई अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी. नात पाच महिन्यांची. बाई आणि त्यांचे यजमान सहा महिन्यांसाठी तिकडे गेले आहेत. जावयांनी एका शनिवार-रविवारी सेंट लुईसला जायचा बेत काढला आणि बाई अडचणीत पडल्या. त्या लिहितात, की माझे गुडघे दुखतात, ह्यांना साखर आहे, बाळ लहान आहे, शिवाय आमच्यापायी जावयांना खर्च. म्हणून मी म्हटलं, तुम्ही तिघं जाऊन या, मी बाळाला घेऊन घरीच थांबते. तर लेक रागावली, दोन दिवस धड बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, जाऊ का? आणि गेलेच तर तिथे बघायचं काय? न्यूयॉर्क ऐकलं आहे, शिकागो ऐकलं आहे, ह्या गावाचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

‘मी घरीच थांबते’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडी बसलेलं आहे ते मी काय सांगू! सिनेमाला, लग्नाला, अष्टविनायकाला, गाडीत जागा कमी पडली की पहिली उतरते ती घरची बाई. कोणी तिला उतरवत नाही, ती आपणहून उतरते, आणि मग त्याची सगळ्यांना सवय होते. पण सांगलीच्या ताई, तुमची लेक का रागावली ते सांगू? बाळंतपणानंतर पाच महिने ती घरात आहे. तिला आईला घेऊन बाहेर पडायचं आहे. आई आणि बाळ मागे राहिलं तर तिचं निम्मं लक्ष घरी, तासातासाला फोन, आणि शनिवारी रात्रीच मंडळी परत. तेव्हा तुम्ही जा. आणि नुसत्या बरोबर जाऊ नका, बेत आखायला बसा.

ह्या शहराची मला थोडी माहिती आहे. २०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, मी आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे गेले होते. तीही त्याच भागात राहते. आईचे गुडघे तुमच्यासारखेच, त्यामुळे खालचा सारा बेत गुडघ्यांवर पारखून घेतलेला आहे असं समजा. ज्यांची मुलं-बाळं, भाऊ-बहिणी त्या बाजूला आहेत त्यांनीही हे पान कापून ठेवावं.

आधी बेताबद्दल. आपल्याकडे सहल ठरवायची म्हणजे पुरुष मंडळी ठिकाणांची यादी करतात आणि बायका डब्याची. जावई तरुण असले तर यादीत नऊ ठिकाणं असणार, हे धरून चाला. ती यादी घेऊन बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांनी बसावं, आणि प्रत्येकाने आपल्याला हवं ते एकच ठिकाण सांगावं. तुम्हीसुद्धा. ‘तुम्ही म्हणाल ते’ असं उत्तर चालणार नाही. दिवसाला दोन ठिकाणं, मधे दुपारची दीड-दोन तास विश्रांती, एवढाच नियम पाळलात तर सहल सुखाची होते. बाळाला ते बरं, साखरेच्या माणसाला बरं, आणि गुडघ्यांना तर बरंच बरं.

सेंट लुईस हे मिझुरी राज्यातलं शहर, मिसिसिपी नदीच्या काठावर वसलेलं. १७६४ मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते वसवलं आणि फ्रान्सच्या नवव्या लुई राजाचं नाव त्याला दिलं. ब्लूमिंग्टनहून मोटारीने साधारण अडीच तास. शिकागोहून पाच तास. शिकागो–सेंट लुईस रेल्वेही आहे आणि ती ब्लूमिंग्टनला लागून असलेल्या नॉर्मल गावी थांबते. पण बाळ, बाबागाडी आणि दुपट्यांची पिशवी असली की मोटारच बरी. बाळाला मांडीवर घेऊन बसता येत नाही हो तिकडे, त्याची वेगळी खुर्ची गाडीत बांधलेली असावीच लागते. वाटेत दर तासाभराने थांबा. तुमचेही पाय मोकळे होतील.

दिवस कुठले निवडावेत? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी, गरम आणि दमट. हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. वसंतात एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: त्या भागात चक्रीवादळं होतात. १६ मे २०२५ रोजी मोठं वादळ ह्याच शहरावरून गेलं, माणसं दगावली, घरं पडली आणि मी पुढे ज्या उद्यानाचं सांगणार आहे तिथली पुष्कळ झाडं उन्मळली. भोंगा वाजला की इमारतीच्या अगदी खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब जायचं. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

मुक्कामासाठी सेंट्रल वेस्ट एंड नावाचा भाग मला पसंत पडला. झाडीचे रस्ते, जुनी विटांची घरं, पायी फिरता येईल अशी दुकानं, आणि पुढे सांगितलेली बरीच ठिकाणं तिथून जवळ. खोलीत फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आहे का, सकाळची न्याहारी भाड्यात धरली आहे का, हे आधी विचारून घ्यावं. बाळाचं दूध आणि आपला वरण-भात दोन्हीची सोय त्यात होते. लिफ्ट आहे की नाही हेही विचारावं. जुन्या घरांतून केलेल्या मुक्कामाच्या जागा दिसायला छान, पण जिने उभे.

आता खर्चाचं. तुमच्या मनाला हाच काटा लागला आहे ना? तर ऐका. ह्या शहराची मोठी गंमत ही, की इथलं कलासंग्रहालय, इतिहास संग्रहालय आणि प्राणिसंग्रहालय, तिन्ही फुकट आहेत. परगावच्यांनासुद्धा. हे काही कुणा धनिकाच्या कृपेने नाही. १९७१ मध्ये इथल्या नागरिकांनी मतदान करून स्वतःच्या घरपट्टीवर थोडा जादा कर बसवून घेतला, तो प्राणिसंग्रहालयासाठी, कलासंग्रहालयासाठी आणि विज्ञान केंद्रासाठी. पुढे वनस्पती उद्यान आणि इतिहास संग्रहालयही त्यात आलं. आपण होऊन कर वाढवून घेणारी माणसं! मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला ह्याचं फार अप्रूप वाटलं. म्हणजे जावयांचा खरा खर्च तो खोलीचा. त्यातही संकोच वाटत असेल तर एक वेळचं बाहेरचं जेवण आणि जिथे तिकीट आहे तिथलं तिकीट तुमच्या यजमानांनी द्यावं. हे घरी निघण्यापूर्वीच, गमतीगमतीत, सांगून टाकावं. खिडकीपाशी ‘मी देतो, मी देतो’ नको.

शनिवारी सकाळी गेटवे आर्च. नदीकाठी पोलादाची एक चकचकीत कमान उभी आहे, ६३० फूट उंच, आणि पायाशी रुंदही तेवढीच. ईरो सारिनेन नावाच्या वास्तुशिल्पकाराची ही कल्पना. काम सुरू होण्यापूर्वीच, १९६१ मध्ये, तो वारला. दोन बाजूंनी दोन पाय वेगवेगळे उभारत नेले आणि २८ ऑक्टोबर १९६५ ला वर शेवटचा तुकडा बसवून ते जोडले. इतक्या उंचीवरचं काम, पण बांधकामात एकही माणूस दगावला नाही. कमानीच्या पोटातून वर जायला एक चमत्कारिक गाडी आहे: लहान गोल डबे, पाच जणांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, दार जेमतेम चार फुटांचं. वर जायला चार मिनिटं, उतरायला तीन. वरच्या छोट्या खिडक्यांतून एकीकडे नदी, एकीकडे शहर.

आता मोकळेपणाने सांगते. गाडीपर्यंत आणि गाडीपासून, येता-जाता टप्प्याटप्प्याने शंभराच्या आसपास पायऱ्या चढा-उतराव्या लागतात आणि रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर वर जाऊ नये. आई गेली नाही. कमानीच्या खालीच जमिनीत मोठं संग्रहालय आहे, तेही फुकट, बसायला बाकं आणि स्वच्छ प्रसाधनगृह. कमान कशी बांधली त्याचा जुना माहितीपट तिथे दाखवतात. आई म्हणाली, वर जाऊन आलात तुम्ही, पण काम कसं झालं ते मी पाहिलं. वर जाणाऱ्यांची तिकिटं आधीच काढून ठेवावी लागतात, शनिवारी आयत्या वेळी मिळतीलच असं नाही. आणि आत शिरताना विमानतळासारखी तपासणी होते, म्हणून पर्समधला अडकित्ता, सुरी, कात्री खोलीवरच ठेवून निघा!

कमानीच्या समोरच्या बाजूला हिरव्या घुमटाचं जुनं न्यायालय आहे. आम्ही गेलो तेव्हा ते दुरुस्तीसाठी बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. मे २०२५ मध्ये ते पुन्हा उघडलं आहे. माझं ऐकाल तर वेळ कमी पडला तरी हे चुकवू नका, कारण इथे दोन बायकांच्या कहाण्या आहेत.

पहिली हॅरिएट स्कॉट. ती आणि तिचा नवरा ड्रेड स्कॉट, दोघंही गुलाम. १८४६ मध्ये दोघांनी स्वातंत्र्य मागणारे आपापले अर्ज इथे दाखल केले. पदरात दोन मुली. पहिला खटला पुराव्याच्या त्रुटीवर गेला, १८५० मध्ये ते जिंकले, मग राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवला, आणि १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिक मानायलाच नकार दिला. अकरा वर्षं गेली. त्या निकालाने देश इतका ढवळून निघाला, की पुढे चारच वर्षांत यादवी युद्ध पेटलं. निकालानंतर काही आठवड्यांत त्यांच्या नव्या मालकाने त्यांना मुक्त केलं. ड्रेड पुढच्याच वर्षी वारला. हॅरिएट मात्र धुणं-इस्त्रीची कामं करून १८७६ पर्यंत, स्वतंत्र बाई म्हणून, ह्याच गावात जगली. पुस्तकांत नाव येतं ते नवऱ्याचं. मुलींना वाचवायचं म्हणून ह्या माउलीने किती धीर धरला असेल, त्याचा विचार तिथे उभं राहून जरूर करा.

दुसरी व्हर्जिनिया मायनर. १८७२ मध्ये ही बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. अधिकाऱ्याने नकार दिला, बाई आहेस म्हणून. तिने दावा लावायचा ठरवलं, तर विवाहित बाईला स्वतःच्या नावाने एकटीने दावा लावता येत नव्हता, म्हणून नवऱ्याला पुढे यावं लागलं. आणि तो आला, बरं का, कारण तो स्वतः वकील होता आणि बायकोच्या मताचा होता. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं, तोवर व्हर्जिनिया राहिली नव्हती. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या आज्या शाई लावून आल्या, त्यांना हे ऐकून काय वाटलं असतं!

नदीवरचा एक जुना पूलही तिथूनच दिसतो, ईड्स ब्रिज. १८७४ चा. पोलादाचा एवढा मोठा पूल तोवर झालेला नव्हता, आणि लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा उद्घाटनापूर्वी एक हत्ती त्यावरून चालवत नेला. कच्च्या जमिनीवर हत्ती पाऊल टाकत नाही, असा समज. हत्ती गेला, मग माणसं गेली. नातीला मोठी झाल्यावर सांगायला गोष्ट होईल.

मग जेवण आणि खोलीवर विश्रांती. दुपारी चारनंतर लिंडेल रस्त्यावरचं कॅथीड्रल बॅसिलिका. (आर्चजवळ १८३४ चं जुनं कॅथीड्रल आहे, ते वेगळं. पत्ता नीट पाहून घ्या.) बाहेरून दगडी, भारदस्त, आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. भिंती, कमानी, घुमट, सगळं काचेच्या तुकड्यांच्या चित्रांनी भरलेलं. चार कोटी पंधरा लाख तुकडे, सात हजारांहून जास्त रंगछटा, आणि काम चाललं १९१२ पासून १९८८ पर्यंत. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली त्यांच्या नातवंडांनी पुरं केलं म्हणा ना. रांगोळीत रंग भरताना एक चिमूट इकडची तिकडे झाली तर आपल्याला चैन पडत नाही, आपल्याला त्या कामाची किंमत कळते. प्रार्थना चालू नसेल अशी वेळ आधी पाहून ठेवा. बाकावर शांत बसावं. आत फुकट, आणि पाय दुखत नाहीत. तासभर कसा गेला कळलं नाही.

रात्री? शहराच्या मध्यभागी दुकानं मिटली की रस्ते ओस पडतात, तिथे उगाच हिंडू नये. गाडीत पिशवी, पर्स दिसेल अशी ठेवू नये. काचा फोडून चोऱ्या होतात. टेड ड्रूजच्या गोठवलेल्या कस्टर्डच्या दुकानापाशी मात्र उन्हाळ्यात जत्रा असते. चिपेवा रस्त्यावरचं ते दुकान १९४१ पासूनचं. कस्टर्ड इतकं घट्ट, की पेला उलटा करून हातात देतात! त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. साखरेच्या मंडळींनी एक चमचा, आणि तोही बायकोच्या पेल्यातला.

रविवार फॉरेस्ट पार्कसाठी. हे उद्यान १८७६ मध्ये खुलं झालं, तेराशे एकरांच्या आसपास आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध सेंट्रल पार्कहून मोठं. वर सांगितलेली फुकट ठिकाणं इथेच. तिन्ही बघायच्या भरीस पडू नका. बाळ आणि आजोबा धरून मी म्हणेन, सकाळी कलासंग्रहालय, आणि मग जमलं तर इतिहास संग्रहालय. सोमवारी दोन्ही बंद असतात, म्हणून ‘एक दिवस रजा टाकून सोमवारी बघू’ असं जावई म्हणाले तर त्यांना सांगा.

कलासंग्रहालय टेकडीवर आहे. १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जे महाल उभारले होते, ते बहुतेक चुन्या-प्लॅस्टरचे, नंतर पाडले. हा एक पक्का बांधलेला, तो राहिला. दारावर कोरलंय, की ही वास्तू कलेला वाहिलेली आणि सगळ्यांना खुली आहे. आत गेल्यावर चाकाची खुर्ची मागितली तर मिळते. लाज वाटून घेऊ नका. आई आधी नको नको म्हणाली, मग खुर्चीत बसून आमच्या दुप्पट चित्रं पाहिली. इजिप्तच्या ममी आहेत, व्हॅन गॉगचं १८९० मधलं पायऱ्यांचं चित्र आहे. पण मला रुखरुख लावून गेलं ते मोने ह्या फ्रेंच चित्रकाराचं कमळांचं भलंमोठं चित्र. हे मुळात तीन चित्रांचं एक चित्र. त्यातलं एक इथे, एक क्लीव्हलँडला आणि एक कॅन्सस सिटीला. तीन बहिणी तीन गावांत दिल्यासारख्या. बहिणीचा हात हातात धरून मी ते पाहिलं, एवढंच सांगते.

चित्रं कशी पाहावीत, आम्हाला काय कळतंय, असं पुष्कळजणी म्हणतात. पैठणीच्या दुकानात आपल्याला कोणी शिकवलं होतं? जे डोळ्यांत भरेल त्याच्यासमोर बसावं, बाकीच्या दालनांतून चालत निघून जावं. दीड तास पुरे.

इतिहास संग्रहालय त्या प्रदर्शनाच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या जागी आहे. १९०४ च्या ३० एप्रिलपासून १ डिसेंबरपर्यंत भरलेली ती जत्रा, दोन कोटींच्या आसपास लोक येऊन गेले. त्यात आपल्या हिंदुस्थानी चहाचाही मंडप होता! रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे साहेब आपल्या चहाचा प्रचार करायला आले होते. उन्हाने जीव घाबरा झालेला, गरम चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हा त्यांनी तो बर्फातून गार करून दिला आणि रांगा लागल्या, अशी कथा. गार चहा अमेरिकेतल्या पाककृतींच्या पुस्तकांत त्याआधीही होता, तेव्हा तो इथे जन्मला म्हणणं खरं नव्हे, पण तो घरोघर पोचायला ह्या जत्रेचा हात लागला असं सांगतात. आजही तिथे चहा मागितला की बर्फाचाच समोर येतो. ‘हॉट टी’ असं स्पष्ट सांगा, आणि जो येईल त्याला आपण चहा म्हणणार नाही हेही धरून चाला. त्याच जत्रेत फिलिपीन्समधून आणलेली हजारावर माणसं गावं करून ‘बघायला’ ठेवली होती. भपक्याच्या जोडीला हेही होतं.

चित्रं-इतिहास नकोच म्हणत असाल तर रविवारी मिझुरी वनस्पती उद्यान करा. ह्याला तिकीट आहे. इंग्लंडहून आलेल्या हेन्री शॉ ह्या व्यापाऱ्याने लोखंडी सामानाच्या धंद्यात पैसा मिळवला आणि १८५९ मध्ये ही बाग लोकांना खुली केली. १९६० मध्ये बांधलेला काचेचा प्रचंड घुमट आहे, आत एकही खांब नाही. त्यात केळी, कोको, कॉफी आणि अशी दमट ऊब, की परसदारी उभं असल्यासारखं वाटतं. १४ एकरांचं जपानी उद्यान तर बाबागाडी ढकलत सावकाश फिरण्यासाठीच केलेलं असावं. जून-ऑगस्टमध्ये गेलात तर फॉरेस्ट पार्कातलं म्युनी नावाचं उघडं नाट्यगृहही आहे. मागच्या बाजूच्या सुमारे दीड हजार जागा फुकट, आधी येईल त्याला. पण पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन रात्रीचं संगीत नाटक मी सुचवणार नाही. उद्यानाच्या पश्चिमेला वेदान्त सोसायटीचं केंद्र आहे, १९३८ पासूनचं. ज्यांना ओढ आहे त्यांनी जरूर डोकवावं.

जेवणाचं थोडक्यात. त्या गावचा मोठा अभिमानाचा पदार्थ म्हणजे टोस्टेड राव्हियोली, पातळ पारीत सारण भरून तळलेल्या चौकोनी करंज्याच म्हणा. सारणात बहुधा गोमांस असतं, विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. पातळ, चौकोनी कापलेला पिझ्झा शाकाहारी मिळतो. शनिवारी सुलार्डचा बाजार असतो, १७७९ पासूनचा. फळं तिथून घ्यावीत.

घरून काय न्यावं? दशम्या, लसणीची चटणी, भाजलेले दाणे-फुटाणे, मेतकूट, आणि थोडे तांदूळ-मुगाची डाळ. एवढंच. शुक्रवारी रात्री बारापर्यंत पुऱ्या तळत बसू नका. सहलीला निघताना बाई आधीच दमलेली, गाडीत झोपलेली, आणि पोचल्यावर ‘भूक कोणाला लागली’ म्हणून डबे उघडणारी, असा प्रकार फार झाला. साखरेची गोळी, बिस्किटं आणि पाणी यजमानांच्या खिशात द्या, तुमच्या पर्समध्ये नको. त्यांची औषधं त्यांना सांभाळू द्या. पायात चपला नकोत, बूट-मोजे. साडीवर चांगले दिसत नाहीत, पण तिथे कोणी बघत नाही. दालनांत गारठा असतो, एक शाल हवीच.

बाळाची जबाबदारी वाटून घ्या. कलासंग्रहालयात पाऊण तास जावई बाळाला घेऊन बाहेर हिरवळीवर बसले, तर माय-लेकींना एकत्र चित्रं पाहता येतात. हे त्यांना बुधवारीच सांगायचं. आयत्या वेळी सांगितलं की रुसवे होतात.

रविवारी चारला परतीला निघालात की दिवेलागणीला घरी. निघण्यापूर्वीच डाळ-तांदूळ मोजून कुकरच्या भांड्यात काढून ठेवलेले असले की रात्री खिचडी टाकायला दहा मिनिटं पुरतात. ती जावयांना टाकू द्या. येत असेल त्यांना, लेकीला विचारून पाहा.